केस पेपरवरची पाच वर्षं

ह्यांना बीपीचा त्रास कधीपासून होता, या एका प्रश्नात आमची सव्वादोन वर्षं गेली. खरं उत्तर सात महिने होतं. हॉस्पिटलच्या केस पेपरवर पाच वर्षं लिहिलेलं होतं.

९ डिसेंबर २०२२ ची रात्र. छातीत कळ आली म्हणून भाऊजींनी ह्यांना रिक्षात घालून नेलं. मुलीला शेजारच्या काकूंकडे ठेवून मी मागोमाग पोचले. कॅज्युअल्टीत एक पोरसवदा डॉक्टर ईसीजीची पट्टी बघता बघता विचारत होता, "आधीचा काही त्रास? शुगर? बीपी?" भाऊजी म्हणाले, "बीपीची गोळी चालू आहे, पाच-सहा..." पुढे 'महिने' म्हणाले की नाही, हे त्यांना आजही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हे गेले. वय ४४.

हे चाकणच्या एका कारखान्यात सीएनसी विभागात सुपरवायझर होते. २०१६ च्या जून महिन्यात त्यांनी ५० लाखांची टर्म पॉलिसी घेतली होती. वर्षाचा हप्ता ९,४१२ रुपये. एवढ्या पैशात दिवाळीला फ्रीज आला असता, असं मी तेव्हा म्हटलं होतं. २०२० च्या जूनमध्ये हप्ता भरायचा राहिला, कारण कारखान्यात अर्धा पगार चालू होता. पॉलिसी लॅप्स झाली, म्हणजे बंद पडली. जानेवारी २०२१ मध्ये एजंटने ती रिव्हाइव्ह, म्हणजे पुन्हा चालू, करून दिली. त्यासाठी तब्येतीची माहिती देणारा एक फॉर्म भरायचा असतो. तो एजंटने भरला, सगळीकडे 'नाही'वर खुणा केल्या आणि ह्यांनी स्कूटरच्या सीटवर ठेवून सही केली. मी गॅलरीतून बघत होते.

दावा जानेवारी २०२३ मध्ये केला. मार्चमध्ये एक तरुण घरी आला. चौकशीला आलोय म्हणाला, फारच मऊ बोलणारा. चहा घेतला, ह्यांच्या फोटोला नमस्कार केला, मुलीची बारावी कशी चाललीय ते विचारलं. मग इंग्रजीत एक पान लिहिलं आणि म्हणाला, "ताई, ही नुसती फॉर्मॅलिटी." मी सही केली. मी शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. दाखल्यावरची जन्मतारीख तीनदा तपासल्याशिवाय मी मुख्याध्यापकांपुढे कागद ठेवत नाही. त्या पानावर मात्र मी न वाचता सही केली.

जुलैमध्ये पत्र आलं. रक्तदाबाचा पाच वर्षांपासूनचा आजार लपवून पॉलिसी रिव्हाइव्ह केल्याने दावा नामंजूर. त्याच आठवड्यात माझ्या खात्यात न विचारता ६५,८८४ रुपये जमा झाले. सात वर्षांचे सात हप्ते परत.

एजंटने फोन उचलणं बंद केलं. नात्यातल्या कुणीतरी 'क्लेम करून देणारा' माणूस पाठवला. तो निगडीच्या एका हॉटेलात भेटला आणि मसाला डोसा संपवेपर्यंत वीस टक्क्यांचा हिशेब मांडून बसला. पन्नासातले दहा त्याचे. मी हो म्हणायच्या बेतात होते. आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने थांबवलं आणि तिच्या भावाचं काम केलेल्या वकीलबाईंचा नंबर दिला.

त्यांचं ऑफिस शिवाजीनगर कोर्टाजवळ. १ ऑगस्ट २०२३ ला मेट्रो सिव्हिल कोर्टापर्यंत सुरू झाली आणि त्याच आठवड्यात मी पिंपरीहून पहिल्यांदा तिने गेले. डब्यात लोक सेल्फी काढत होते. मी मांडीवर प्लास्टिकची पिशवी घट्ट धरून बसले होते, त्यात ह्यांचे सगळे कागद.

वकीलबाई पन्नाशीच्या. आधी नऊ वर्षं एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात होत्या, मग सनद घेऊन बाहेर पडल्या. आता फक्त पॉलिसीधारकांची आणि कामगारांच्या देण्यांची कामं घेतात. मी नामंजुरीचं पत्र पुढे केलं, तर त्यांनी ते बाजूला ठेवलं. "ते बघू. आधी सांगा, कारखान्याकडून काय काय मिळालं?"

मी म्हटलं, पीएफ मिळाला, पेन्शनचा अर्ज दिलाय, आणि ग्रॅच्युइटीचा १,०७,२५० चा चेक देतो म्हणालेत.

"पाच आयएफ भरला का?"

मला तो शब्दच माहीत नव्हता. तो एका विम्याच्या दाव्याचा फॉर्म. पीएफ कापला जातो त्या प्रत्येक कामगाराचा १९७६ च्या योजनेखाली आपोआप विमा असतो. त्याचा पैसा कामगाराच्या पगारातून जात नाही, मालक भरतो. कामगार नोकरीत असताना गेला तर घरच्यांना सात लाखांपर्यंत मिळतात, आणि तिथे तब्येतीचा फॉर्म नाही, की आजार लपवला वगैरे भानगड नाही. कारखान्याच्या एचआरमध्ये मी चार वेळा जाऊन आले होते. एकानेही हे सांगितलं नव्हतं. मुद्दाम नसेलही. त्यांनाच ठाऊक नसेल.

मग त्यांनी ह्यांची पगाराची पावती मागितली आणि कॅल्क्युलेटर ओढला. ग्रॅच्युइटी नुसत्या बेसिकवर काढली होती, १४,३०० वर. कायद्याने त्यात महागाई भत्ता धरायचा असतो, तो ७,८०० होता. नोकरी १३ वर्षं ८ महिने, कारखान्याने १३ धरली होती. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. "बावीस हजार शंभर भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले चौदा," असं पुटपुटत त्यांनी आकडा माझ्याकडे वळवला. १,७८,५००. एका पत्रात ते काम झालं. सात लाखांना मात्र पाच महिने लागले, कारण पीएफच्या खात्यात ह्यांच्या वडिलांचं नाव एका काना-मात्रेने चुकलेलं होतं. पण मिळाले. पोरीची इंजिनिअरिंगची फी त्यातून भरली.

मी विचारलं, "मॅडम, तुमचे किती टक्के?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "निकालातला वाटा ठरवून घेणं आपल्याकडे वकिलाला मना आहे, बार कौन्सिलचाच नियम. फी सांगते, तीन हप्त्यांत द्या. हरलात तरी द्यावी लागेल, जिंकलात तरी तेवढीच." मग म्हणाल्या, "रक्कम कमी असती तर मी तुम्हाला नारायण पेठेत विमा लोकपालांकडे पाठवलं असतं. तिथे फी नाही आणि वकिलाला प्रवेशही नाही, तुमचं तुम्ही बोलायचं. पण त्यांची मर्यादा ३० लाखांची आहे." आम्ही ऑक्टोबरमध्ये ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आणि नोव्हेंबरात ती मर्यादा ५० लाख झाली. आमचं नशीब हे असं.

विमा कायद्याचं कलम ४५ मी आता झोपेतही सांगेन. आयुर्विम्याच्या पॉलिसीला तीन वर्षं झाली की कंपनी कुठल्याही कारणाने तिच्यावर बोट ठेवू शकत नाही. २०१५ च्या दुरुस्तीने हे इतकं स्पष्ट केलं; आधी दोन वर्षं होती, पण त्यातून पळवाटा होत्या. आमची पॉलिसी २०१६ ची, म्हणजे साडेसहा वर्षांची. मी हे ऐकून खुर्चीत सावरून बसले. वकीलबाईंनी पुढची ओळ वाचली. तीन वर्षं मोजायची ती पॉलिसी दिल्याच्या तारखेपासून किंवा रिव्हायवलच्या तारखेपासून, जी नंतरची असेल ती. जानेवारी २०२१ ते जुलै २०२३, नामंजुरीचं पत्र आलं तोवर. तीस महिने. एक हप्ता चुकला होता, आणि त्याने साडेचार वर्षं पुसून टाकली.

"म्हणजे आता त्यांना सिद्ध करावं लागेल," त्या म्हणाल्या, "की जानेवारी २०२१ मध्ये आजार होता, ह्यांना तो माहीत होता, आणि फॉर्ममध्ये जे विचारलं त्याचं उत्तर खोटं दिलं. ओझं त्यांच्यावर आहे. पण तुम्ही मला खरं सांगा. माझ्यापाशी लपवलंत तर तिथे मी तोंडावर पडेन."

मी खरं सांगितलं, पण सगळं नाही.

घरी ह्यांच्या फाइलमध्ये मला कारखान्याच्या वार्षिक तपासणीची एक चिठ्ठी सापडली होती. नोव्हेंबर २०१७. बीपी १४६/९४. डिसेंबर २०२२ मधून पाच वर्षं मागे जा, तुम्ही नेमके तिथे पोचता. केस पेपरवरची पाच वर्षं आणि ही चिठ्ठी. मी ती गॅसजवळ घेऊन उभी राहिले होते, हे लिहायला मला आता लाज वाटत नाही. जाळली नाही. कपाटात साड्यांखाली ठेवली. पंधरा दिवसांनी वकीलबाईंपुढे ठेवली तेव्हा माझ्या घशाला कोरड पडली होती.

त्यांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली. खाली काय लिहिलंय ते मला वाचायला लावलं. 'कामास योग्य. मीठ कमी करणे.' "गोळी दिली? दुसऱ्यांदा तपासायला बोलावलं? नाही. एकदा आकडा वर गेला म्हणजे निदान झालं असं नाही. आता फॉर्मचा प्रश्न वाचा." रिव्हायवलच्या फॉर्मवर विचारलं होतं: तुम्हाला उच्च रक्तदाबाचं निदान झालं आहे का, किंवा त्यावर उपचार चालू आहेत का? त्यांचं बोट 'निदान' या शब्दावर टेकून राहिलं. मग त्यांनी विचारलं, "ही एका वर्षाची. बाकीच्या वर्षांच्या कुठे आहेत?"

मला सुचलंच नव्हतं. मी एका चिठ्ठीला घाबरून बसले होते आणि तिच्या बहिणी कारखान्याच्या दप्तरात पडून होत्या. मागणी-पत्र गेलं, महिनाभराने झेरॉक्स आल्या. २०१८: १३०/८४. २०१९: १२८/८२. २०२० मध्ये कोविडमुळे तपासणीच नाही. ऑक्टोबर २०२१: १३२/८६. एप्रिल २०२२: १५०/१००, आणि शेरा, 'फॅमिली डॉक्टरांना दाखवणे'. मे २०२२ मध्ये चिंचवडगावातल्या आमच्या डॉक्टरकाकांनी गोळी सुरू केली. अ‍ॅम्लोडिपिन पाच.

डॉक्टरकाका पंचाहत्तरीचे, अजून पेशंटचं कार्ड ठेवतात. ते कार्ड त्यांनी लगेच दाखवलं, पण लेखी द्यायला तयार होईनात. "कोर्टात बोलावतील, मला नाही झेपणार." मी तीन वेळा गेले. चौथ्यांदा सासूबाई बरोबर आल्या आणि काहीच न बोलता बाकड्यावर बसून राहिल्या. काकांनी शपथपत्रावर सही केली.

भाऊजींचंही शपथपत्र हवं होतं. ते ऑफिसात टेबलाच्या कडेला हात ठेवून बसले आणि म्हणाले, "मॅडम, मी महिने म्हणालो असं लिहा." वकीलबाईंनी विचारलं, "आठवतंय?" भाऊजी गप्प. "मग आठवत नाही असंच लिहायचं. गोळी मे महिन्यात सुरू झाली हे तुम्हाला माहीत होतं ना? ते लिहू." मला त्यांचा तेव्हा रागच आला होता. एक शब्द लिहिला असता तर काय बिघडलं असतं?

मी अजून एक आशा धरून होते. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी २०१५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाठवला होता: विमेदाराने मणक्याचं दुखणं सांगितलं नव्हतं, मृत्यू झाला हृदयविकाराने, आणि न्यायालयाने पैसे द्यायला लावले. मी त्याची प्रिंट काढून नेली. वकीलबाईंनी ती वाचल्यासारखी केली, त्यांना पाठच असणार, आणि परत दिली. "हा आपल्या कामाचा नाही, ताई. कंबरेचा आणि हृदयाचा संबंध नाही म्हणता येतं. बीपीचा नाही म्हटलं तर समोरचा हसेल. आपला मुद्दा एकच: तेव्हा त्रास नव्हता." इतकं साधं करून टाकलं त्यांनी. मी तोवर दहा मुद्दे वहीत लिहून ठेवले होते, त्यात एजंटला शिव्याही होत्या.

आलेले ६५,८८४ रुपये खर्च करू नका म्हणाल्या, आणि ते आम्ही दाव्याचा निपटारा म्हणून स्वीकारलेले नाहीत असं पत्र कंपनीला पाठवलं.

ग्राहक आयोगात फी दाव्याच्या रकमेवर नसते, आपण सेवेसाठी मोजलेल्या पैशांवर असते. आमचे हप्ते ६५ हजारांचे, पाच लाखांच्या आतले, म्हणून ५० लाखांच्या तक्रारीला फी शून्य. त्याच कारणाने काम जिल्हा आयोगातच बसलं, मुंबईला जावं लागलं नाही. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथे तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो.

कंपनीला नोटीस मिळाल्यावर लेखी कैफियत द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी मार्च २०२० मध्ये सांगितलंय की ४५ च्या वर एकही दिवस नाही. वकीलबाईंच्या टेबलावरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने आकडे टाकलेले होते. मी घरी कालनिर्णयवर तसेच टाकले. चाळिसावा दिवस, एकेचाळिसावा. मनातल्या मनात मी त्यांची गाडी पंक्चर करत होते. त्रेचाळिसाव्या दिवशी कैफियत आली. ५२ पानं.

त्यात ते इंग्रजी पान होतं, माझ्या सहीचं. 'माझे पती अनेक वर्षांपासून रक्तदाबाची औषधे घेत होते.' चहा देताना मी असं म्हटलं नव्हतं. किंवा काय म्हटलं होतं, देव जाणे. त्या दिवसांत मी काय बोलत होते ते मलाच माहीत नव्हतं.

त्यानंतर तारखा. कायद्यात तीन महिन्यांत निकाल म्हटलंय. एका तारखेला समोरचे वकील बदलले, दुसऱ्या तारखेला कोरम नव्हता, मग उन्हाळी सुट्टी, मग पुन्हा वकील बदलले. प्रत्येक वेळी अर्धी रजा. बाकड्यावर शेजारी बसलेल्यांच्या गोष्टी ऐकून मी बिल्डर या जमातीबद्दल खूप काही शिकले.

युक्तिवाद नोव्हेंबर २०२४ मध्ये झाला. मला वाटलं होतं वकीलबाई कडाडतील. त्या अगदी हळू बोलल्या, जेमतेम वीस मिनिटं. केस पेपरवरची ओळ ज्या डॉक्टरने लिहिली त्याचं शपथपत्र कुठे आहे? ती माहिती कुणी दिली हे त्या कागदावर लिहिलंय का? पाच वर्षं आजार होता तर या पाच वर्षांतली एक तरी चिठ्ठी, एक तरी औषधाचं बिल कंपनीने आणलंय का? जबाब इंग्रजीत आहे, मराठीत वाचून दाखवल्याची नोंद त्यावर नाही, आणि तो लिहिणाऱ्याचंही शपथपत्र नाही. विमा नियामकाच्या २०१७ च्या नियमाने चौकशी ९० दिवसांत आणि निर्णय त्यापुढच्या ३० दिवसांत हवा होता. इथे सहा महिने लागले. मग त्यांनी पाच चिठ्ठ्या ओळीने पुढे ठेवल्या, आणि पहिली होती १४६/९४ ची. समोरचा तरुण वकील लगेच उठला, "सर, हे तर आमचंच म्हणणं!" अध्यक्षांनी त्याला बसायला सांगितलं आणि पुढच्या चारही वाचल्या. एकेक करून, चष्मा वर करून.

भाऊजींचं शपथपत्रही त्यांनी वाचलं. 'मी नेमके काय म्हणालो ते मला आठवत नाही.' त्यावर समोरच्यांना एकही प्रश्न सुचला नाही.

निकाल फेब्रुवारी २०२५ मध्ये लागला. परत केलेले हप्ते वजा करून विम्याची रक्कम, नामंजुरीच्या तारखेपासून सात टक्के व्याज, मानसिक त्रासाचे २५ हजार आणि खर्चाचे दहा. मी नऊ टक्के मागितले होते. वकीलबाई म्हणाल्या, "घ्या आता." ही त्यांची मी ऐकलेली एकमेव थट्टा.

पण राज्य आयोगाकडे अपील करायला कंपनीला पुन्हा ४५ दिवस होते. त्यासाठी आधी निम्मी रक्कम भरावी लागते, पण कंपनीला त्याचं काय. कालनिर्णयवर पुन्हा आकडे टाकले. या वेळी मुलगीही मोजत होती, ती सकाळी दात घासता घासता ओरडायची, "आई, एकोणतीस!" एकेचाळिसाव्या दिवशी मी शाळेत दहावीचे दाखले लिहीत असताना बँकेचा मेसेज आला. मी हातातला दाखला पूर्ण केला, जन्मतारीख तपासली, मग बाहेर व्हरांड्यात गेले.

संध्याकाळी भाऊजी आले. निकालाची प्रत त्यांनी तोवर पाहिली नव्हती, मी दिली तरी घेत नसत. मी ते पान उघडून वाचून दाखवलं. रुग्ण अत्यवस्थ असताना नातेवाइकाने घाईत दिलेल्या माहितीवरून केलेली नोंद, इतर पुरावा नसताना, ग्राह्य धरता येत नाही.

"माझं नाव आहे का त्यात?"

"नाही. नातेवाईक एवढंच."

त्यांनी ते पान माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः पुन्हा वाचलं. सासूबाईंनी चहा आणून ठेवला होता, त्यावर साय धरली तरी ते वाचतच होते.

"वहिनी," ते म्हणाले, "मी महिने म्हणालो असेन का हो?"